सनरूफमधून गाडीत पाणी येतंय? तुंबलेल्या ड्रेन नळ्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सनरूफ घट्ट बंद आहे, तरी पाणी आत येतं. काचेभोवतीचं रबर गेलं का?

बहुतेक वेळा रबराचा दोष नसतो. सनरूफचं रबर पाणी पूर्णपणे अडवण्यासाठी बनवलेलंच नसतं. ते पावसाचा मोठा भाग बाहेर ठेवतं, पण थोडं पाणी कडेने आत उतरणार हे गाडी बनवताना गृहीत धरलेलं असतं. काचेच्या खाली चारही बाजूंनी एक पन्हळ असते. हे पाणी त्या पन्हळीत पडतं, कोपऱ्यांतल्या भोकांतून नळ्यांत जातं आणि गाडीखाली रस्त्यावर गळून जातं. घराच्या गच्चीवर पाणी पडणारच, फक्त ते पाइपातून खाली गेलं पाहिजे, तसाच हा हिशेब आहे.

म्हणून केबिनमध्ये पाणी दिसलं की पहिला संशय नळ्यांवर घ्यावा. रबर बदलण्यावर खर्च करून बसलेल्या आणि पुढच्या पावसात पुन्हा भिजलेल्या गाड्या पुष्कळ असतात.

या नळ्या किती असतात आणि जातात कुठे?

साधारणपणे चार, पन्हळीच्या प्रत्येक कोपऱ्याला एक. मोठ्या पॅनोरॅमिक, म्हणजे जवळजवळ सगळं छत व्यापणाऱ्या सनरूफलाही बहुधा चारच असतात, क्वचित जास्त. नळी रबराची किंवा मऊ प्लास्टिकची असते आणि तिचं आतलं भोक करंगळीपेक्षाही बारीक, म्हणजे ६ ते १० मिलिमीटरच्या आसपास असतं.

पुढच्या दोन नळ्या पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या खांबांतून, म्हणजे ए-पिलरमधून खाली उतरतात. त्यांचं तोंड गाडीगणिक वेगळं असतं: पुढच्या दाराच्या बिजागरीजवळच्या फटीत, पुढच्या चाकावरच्या मडगार्डच्या अस्तरामागे किंवा वायपरखालच्या खोलगट भागाच्या कडेला. मागच्या नळ्या मागच्या खांबांतून उतरून मागच्या चाकाच्या कमानीत किंवा बंपरच्या आत सुटतात. जिथे नळी पत्र्यातून बाहेर पडते तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकात घट्ट बसणारं रबरी कडं असतं. बऱ्याच गाड्यांत त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखी चपटी फट असते. लक्षात ठेवा, तुंबण्याची सगळ्यात आवडती जागा हीच चोच.

नळ्या तुंबतात कशाने?

पानांनी, असं सगळे म्हणतात, पण अख्खं पान त्या भोकात शिरतच नाही. शिरतो तो पानांचा कुजलेला भुगा, परागकण, फुलांच्या पाकळ्यांचे तुकडे आणि रस्त्यावरची बारीक धूळ. सनरूफच्या रुळांना ग्रीस लावलेलं असतं. ते उन्हाने पातळ होऊन पन्हळीत उतरलं की धूळ त्यात चिकटते आणि काळा, लोण्यासारखा गाळ तयार होतो. कोरडा असेपर्यंत तो कळत नाही. पहिल्या पावसात तो सरकत जाऊन चोचीत बसतो.

दुसरं कारण किडे. खालच्या उघड्या टोकातून मुंग्या आणि कोळी वर येतात आणि जाळी किंवा मातीचा गोळा करून ठेवतात. तिसरं कारण माणसांनी केलेलं असतं. गाडीच्या तळाला गंजरोधक कोटिंग मारताना ग्रोमेटचं तोंड त्याच कोटिंगने बुजतं. कोटिंग करून घेतल्यानंतर पहिल्याच पावसात गळती सुरू झाली असेल तर दुसरीकडे शोधत बसू नका, आधी तळाशी जाऊन ती तोंडं बघा.

पाणी कुठे दिसतंय त्यावरून कोणती नळी बिघडली हे कळतं का?

बरंच कळतं, आणि नळीच्या वरच्या टोकाला बिघाड आहे की खालच्या, हेही कळतं. तपासाचा निम्मा वेळ इथेच वाचतो.

आधी छताचं अस्तर हाताने दाबून बघा. अस्तर ओलं असेल, खांबाच्या प्लास्टिकवरून ओघळ आला असेल किंवा छतातल्या पुढच्या दिव्याजवळ डाग असेल तर पन्हळ भरून वाहते आहे. म्हणजे नळी तुंबली आहे, पन्हळीला तडा गेला आहे किंवा नळी वरच्या तोंडापासूनच निसटली आहे.

अस्तर पूर्ण कोरडं, पण पायाखालचं कार्पेट ओलंचिंब असेल तर गोष्ट वेगळी. पाणी नळीत नीट शिरतंय, पण खाली पोचल्यावर बाहेर जाण्याऐवजी केबिनमध्ये सांडतंय. ग्रोमेट पत्र्यातून सुटलेला असतो, नळी ग्रोमेटमधून निघालेली असते किंवा ती मध्येच फाटलेली असते. अशा वेळी नुसती तार घालून काही होत नाही, उलट नळी आणखी निसटते.

पुढच्या सीटसमोरचं कार्पेट ओलं असेल तर पुढची नळी. डिकीत, स्टेपनीच्या खोलग्यात पाणी साचलं असेल तर मागची. पण पाणी उताराकडे धावतं, एवढं भान ठेवा. पुढे सांडलेलं पाणी कार्पेटखालून वाहत मागच्या सीटच्या पायाशी जमा होतं, म्हणून मागचं कार्पेट ओलं दिसलं की दोष मागचाच, असं लगेच ठरवू नये.

पाऊस थांबून तास झाला, आणि ब्रेक मारल्यावर दिव्यातून पाणी अंगावर पडलं. हे काय?

पन्हळीत साचलेलं पाणी. गाडी उभी असताना ते कडेच्या खाली राहतं, ब्रेक लागला की पुढे उसळतं आणि अस्तरावर पडतं. वळणावर एका बाजूने पडत असेल तर वळणाच्या बाहेरच्या बाजूची पन्हळ भरलेली आहे.

गाडी नेहमी उतारावर उभी राहत असेल तर आणखी एक गंमत होते. नाक खाली असेल तर जवळजवळ सगळं पाणी पुढच्या दोन नळ्यांवर येतं आणि मागच्या तुंबलेल्या नळ्यांचा पत्ताच लागत नाही. एखाद्या दिवशी गाडी उलट्या दिशेने लावली की डिकीत पाणी. म्हणून एक नळी तुंबलेली सापडली तरी चारही तपासाव्यात.

हे पाणी सनरूफचंच आहे कशावरून?

गाडीत पाणी येण्याच्या वाटा बऱ्याच आहेत, म्हणून सनरूफला हात लावण्याआधी एवढं पडताळून घ्या.

पाऊस नसतानाही, पण एसी चालवल्यावर पुढचं कार्पेट ओलं होत असेल तर एसीची ड्रेन नळी तुंबली आहे. ते पाणी स्वच्छ आणि डॅशबोर्डखालून मध्यभागाकडून येतं.

पाणी चिकट असेल, गोडसर वास येत असेल आणि काचेवर तेलकट धुकं धरत असेल तर ते पाणी नव्हे, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव आहे. हीटरचा कोर, म्हणजे ज्यातून गरम कूलंट फिरतं ती डॅशबोर्डमागची छोटी जाळी, गळतोय. ही दुरुस्ती पूर्ण वेगळी आहे आणि तिला उशीर करू नये, कारण इंजिनातलं कूलंट कमी होत असतं.

दाराच्या खालच्या कडेने, उंबऱ्यावरून पाणी आत येत असेल तर दाराच्या आतलं प्लास्टिकचं आवरण सुटलेलं असतं. काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर पुढच्या काचेचं चिकटवण बघा. डिकीत पाणी असेल तर मागच्या दिव्यांची गॅस्केट आणि छतावरच्या अँटेनाखालचं रबर हे दोन संशयित आधी वगळा. वायपरखालच्या भागात पानं साचली असतील तर तिथूनही पाणी एसीच्या हवेच्या वाटेने आत येतं.

नळी तुंबली आहे का हे घरी कसं तपासायचं?

एक बाटली पाणी आणि खाली बघायला दुसरा माणूस, एवढं पुरतं.

गाडी सपाट जागी लावा. सनरूफ पूर्ण उघडा. पुढच्या कोपऱ्यात, रुळाच्या बाहेरच्या बाजूला, पन्हळीत एक भोक दिसेल. खांबाच्या प्लास्टिकच्या खालच्या फटीत आणि कार्पेटच्या कडेला कोरड्या टिश्यूच्या घड्या खोचून ठेवा. आता कोपऱ्यात सुमारे १०० मिली पाणी सावकाश ओता. पाइप लावू नका आणि एकदम बादलीही उपडी करू नका, कारण चांगली नळीसुद्धा तेवढं पाणी एका दमात घेत नाही आणि निष्कर्ष चुकतो.

नळी मोकळी असेल तर काही सेकंदांत गाडीखाली धार लागते. पाणी कोपऱ्यात उभं राहिलं तर नळी तुंबलेली आहे. हळूहळू उतरलं आणि खाली थेंब थेंब आलं तर ती अर्धी तुंबलेली आहे. तिलाही तुंबलेलीच समजा, मोठ्या सरीत तिचा निभाव लागणार नाही.

चौथी शक्यता सगळ्यात वाईट: पाणी पटकन उतरलं, पण गाडीखाली काहीच आलं नाही. मग ओतणं लगेच थांबवा. ते पाणी केबिनमध्ये गेलं आहे. टिश्यू कुठे भिजला ते बघा.

पाण्यात खाण्याचा रंग घालून बघण्याची युक्ती सांगितली जाते. करू नका. अस्तरावर गेलेला रंग निघत नाही.

मागच्या कोपऱ्यांपर्यंत हात पोचत नाही. ते कसे तपासायचे?

साध्या सनरूफची काच मागच्या बाजूने वर उचलून ठेवा आणि बाहेरून टॉर्च मारून खाली बघा, मागची पन्हळ बऱ्याचदा दिसते. बारीक तोंडाच्या बाटलीने किंवा सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजला नळी जोडून पाणी नेमकं सोडता येतं. पॅनोरॅमिक प्रकारात मागच्या नळ्यांची तोंडं बहुधा मागच्या स्थिर काचेखाली असतात आणि वरून दिसतच नाहीत. त्यांचं काम खालच्या टोकाकडूनच करावं लागतं, नाहीतर अस्तर खाली घ्यावं लागतं.

साफसफाईला काय काय लागेल?

गवत कापायच्या यंत्रात घालतात तो नायलॉनचा गोल धागा, २ ते २.५ मिलिमीटर जाडीचा. पुढच्या नळीसाठी दीड ते दोन मीटर, मागच्यासाठी साधारण ३ मीटर. चौकोनी किंवा दातेरी धागा घेऊ नका, तो नळी आतून खरवडतो. याशिवाय ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर, मायक्रोफायबर कापड, जुना मऊ टूथब्रश, कोमट पाणी आणि कार शॅम्पूचे चार थेंब, टॉर्च.

धाग्याचं टोक कापल्यावर धारदार राहतं. ते लायटरच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवा म्हणजे गोल गुंडी होते. गार झाल्यावर बोटाने चाचपून खात्री करा.

साफ करायची नेमकी पद्धत कोणती?

१. सनरूफ पूर्ण उघडा आणि चावी काढून घ्या. पन्हळीत बोटं असताना कुणी बटण दाबलं तर मोटर बोटांचा विचार करत नाही.

२. आधी पन्हळ स्वच्छ करा, नळी नंतर. हा क्रम उलटला की पन्हळीतला सगळा कचरा तुम्हीच नळीत ढकलता. सुकलेला कचरा व्हॅक्यूमने ओढा, मग ओल्या कापडाने गाळ पुसा. कोपऱ्यात ब्रश वापरा. रुळांवरचं ग्रीस शक्यतो पुसू नका, पुसलं गेलं तर शेवटी नवं लावावं लागेल.

३. व्हॅक्यूमच्या पाइपाचं तोंड भोकावर धरा, भोवती ओलं कापड गुंडाळून फट बुजवा आणि अर्धा मिनिट ओढ द्या. ओढीमुळे नळी जोडापासून निसटण्याची भीती फार कमी, म्हणून पहिला प्रयत्न हाच. पुष्कळदा गाळाचा बोळा इथेच वर येतो.

४. तरीही पाणी उतरत नसेल तर धागा घाला. दोन बोटांत धरून हलकेच फिरवत सरकवा. अडला की ढकलू नका. थोडा मागे घ्या, फिरवा, पुन्हा सरकवा. वळणावर लागणारी अडचण टणक वाटते, गाळाची मऊ आणि चिकट. दोन-तीन प्रयत्नांत हा फरक बोटांना कळतो.

५. धागा खालच्या टोकाच्या जवळ आला की थांबा. चोचीतून जबरदस्तीने बाहेर काढू नका, ग्रोमेट पत्र्यातून निघून येतो आणि साधी तुंबलेली नळी कार्पेट भिजवणाऱ्या नळीत बदलते. त्याऐवजी खाली जाऊन ग्रोमेटची चोच बोटांनी चिमटीत धरून दाबा आणि सोडा. काळा गाळ टपकन पडतो. हे एवढं एक काम केल्याने निम्म्या तक्रारी मिटतात, आणि वरून तार घालणारे बहुतेक लोक तेच करत नाहीत.

६. आता १०० मिली कोमट शॅम्पूचं पाणी, आणि ते खाली उतरल्यावर २०० ते ३०० मिली साधं पाणी, सावकाश. खाली येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा करा.

७. चारही नळ्या झाल्यावर एकदा डावीकडून आणि उजवीकडून येणारी धार ताडून बघा. एक बाजू मंद असेल तर तिथे अजून काहीतरी शिल्लक आहे.

कॉम्प्रेसरची हवा मारली तर पटकन काम होत नाही का?

होतं, आणि पटकन नळीही सुटते. गॅरेजमधल्या लाइनला ६ ते ८ बार दाब असतो. नळी वरच्या तोंडावर नुसती बसवलेली असते, अनेकदा क्लिपसुद्धा नसते. खाली चोच तुंबलेली आणि वरून जोरात हवा आली की नळी अस्तराच्या आत निसटते, आणि हे बाहेरून कुणाला दिसत नाही. नंतर अस्तर उतरवण्याचं काम मागे लागतं.

हवा मारायचीच असेल तर आधी खालची चोच दाबून मोकळी करा, दाब १ ते १.५ बारपर्यंत उतरवा, नोझल भोकात घट्ट न बसवता जरा वर धरा आणि छोटे छोटे झोत द्या. सायकलचा हातपंपही पुरतो. खालून वर हवा मारणं आणखी वाईट, सगळा गाळ अस्तरावर उडतो.

लोखंडी तार, कपड्यांचा हँगर, बाइकची क्लच केबल?

तार आणि हँगर नको. मऊ नळीला वळणावर भोक पडायला एक धक्का पुरतो. क्लच केबलची आतली दोर लवचिक असते आणि काही मेकॅनिक ती कौशल्याने वापरतात, पण तिच्या टोकाचे सुटे धागे नळीत अडकतात. नायलॉन धागा स्वस्त आहे आणि चुकांना माफ करतो.

नाल्या साफ करायचं रसायन, पेट्रोल किंवा थिनर ओतलं तर?

अजिबात नको. कॉस्टिकवालं रसायन ॲल्युमिनियमचे रूळ आणि रंग खातं. पेट्रोल आणि थिनर रबर फुगवतात, शिवाय बंद गाडीत त्यांची वाफ धोकादायक असते. उकळतं पाणीही नको, नळीचे जोड सैल पडतात.

खालचं टोक सापडतच नाही.

पुढचं दार पूर्ण उघडा आणि बिजागऱ्यांच्या मधल्या पत्र्यावर बोटाएवढं काळं रबर आहे का बघा. नसेल तर चाक पूर्ण वळवून मडगार्डच्या प्लास्टिक अस्तराची मागची कड दोन-तीन क्लिपा काढून बाजूला करा. पुष्कळ गाड्यांत टोक तिथे मिळतं. मागच्या नळ्यांसाठी चाकाच्या कमानीच्या मागच्या भागात, बंपरच्या आत हात घालून चाचपा. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली डोकं घालू नका, स्टँड लावा. तेही जमत नसेल तर मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये नळ्यांचा नकाशा असतो.

ती रबरी चोच कापून टाकली तर पुन्हा तुंबणारच नाही, बरोबर?

अर्धं बरोबर. चोच किडे, धूळ, चाकाने उडवलेलं पाणी आणि वाऱ्याचा आवाज रोखते. पूर्ण कापली तर गाळ तुंबायचा थांबेल आणि मुंग्या राहायला येतील. वारंवार तुंबणाऱ्या गाडीत चोचीची फट धारदार ब्लेडने दोन्ही बाजूंना २-३ मिलिमीटर वाढवणं हा मधला मार्ग आहे. रबर कडक होऊन फट चिकटली असेल तर कापाकापी करत बसू नका, नवा ग्रोमेट घ्या.

सगळ्या नळ्या मोकळ्या आहेत, पाणी खाली येतंय, तरी गाडी गळते.

मग पुढचे चार संशयित, याच क्रमाने तपासा.

काचेची उंची. काच बंद असताना तिच्या पुढच्या कडेवरून छताकडे बोट फिरवा. सर्वसाधारण नियम असा: काचेची पुढची कड छताच्या पातळीत किंवा १ मिलिमीटरपर्यंत खाली, मागची कड पातळीत किंवा १ मिलिमीटरपर्यंत वर. काच एका कोपऱ्यात बसली असेल तर तिथून पन्हळीच्या ताकदीबाहेर पाणी येतं. बाजूच्या स्क्रूंनी ती जुळवता येते, पण नेमकं माप तुमच्या मॉडेलचं घ्या.

रबर. कडक झालं असेल, कोपऱ्यात फाटलं असेल किंवा त्याची चपटी झालेली बाजू परत फुगत नसेल तर आता मात्र बदला.

पन्हळीचा तडा. मोठ्या सनरूफच्या चौकटीत प्लास्टिकचे भाग जोडलेले असतात आणि जोडावर बारीक चीर जाते. नळीचं भोक बोटाने बंद करून पन्हळीत थोडं पाणी ठेवलं आणि काठाच्या वर न जाताच पातळी उतरली, तर पाणी चिरेतूनच जातंय.

नळीची दुमड. अस्तर आधी कधी उतरवलं असेल किंवा खांबातून कॅमेऱ्याची वायर नेली असेल तर ती वायर किंवा क्लिप नळीला चेपते. धागा नेहमी एकाच जागी अडतो, ही त्याची खूण.

खांबाचं प्लास्टिक मी स्वतः काढू शकतो का?

आधी त्यावर एअरबॅगची खूण आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत छताच्या कडेने पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते आणि तिचं एक टोक याच खांबात असतं. इग्निशन बंद करून बॅटरीची ऋण तार काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा, किमान दहा मिनिटं तरी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला मीटर किंवा टेस्ट लॅम्प लावू नका. परत बसवताना क्लिपा जुन्या वापरू नका. काही क्लिपा एअरबॅग उघडताना प्लास्टिक उडू नये म्हणून खास दोरीच्या असतात आणि एकदाच वापरायच्या असतात. यातलं काही नवीन वाटत असेल तर हे काम जाणकाराकडे द्या. नळ्या वरून साफ करणं आणि एअरबॅगशेजारी हात घालणं, या दोन कामांना एकाच तागडीत तोलू नये.

सनरूफ कधी उघडतच नाही. सिलिकॉन सीलंट भरून कायमचं बंद केलं तर?

हा सल्ला फार लोकप्रिय आहे आणि फार वाईट आहे. छत उन्हात तापतं, रात्री गार होतं, काच आणि पत्रा वेगवेगळ्या मापाने फुगतात, आणि सीलंट कुठेतरी सुटतोच. सुटलेल्या फटीतून आलेलं पाणी मात्र खालच्या तुंबलेल्या नळीपाशीच अडतं, म्हणजे मूळ दुखणं जसंच्या तसं. नंतर रबर बदलायचं म्हटलं तर सीलंट खरवडताना रंग जातो. सीलंट लावण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन नळ्या साफ होतात.

काच उघडतच नाही, नुसतं काचेचं छत आहे. त्यालाही नळ्या असतात का?

पूर्ण स्थिर काच पुढच्या काचेसारखी चिकटवलेली असते. तिला पन्हळ आणि नळ्या नसतात. तिथून गळती म्हणजे चिकटवण सुटलेलं आहे किंवा काच तडकली आहे.

कार्पेट वरून वाळलंय, मग झालं ना?

नाही, आणि बहुतेक गाड्यांचं खरं नुकसान इथून पुढे होतं. कार्पेटखाली काही सेंटिमीटर जाडीचा फोम असतो. तो कित्येक लिटर पाणी धरून ठेवतो आणि वरचं कापड मात्र दोन दिवसांत कोरडं लागतं. मुठीने जोरात दाबा. बोटांच्या सांध्यांना गारवा लागला किंवा पचपच आवाज आला तर फोम भरलेला आहे. सकाळी काचांना आतून धुकं धरणं आणि कुबट वास या दोन त्याच्या पक्क्या खुणा.

उंबऱ्याची पट्टी काढून कार्पेटची कड उचला, खाली लाकडाचे ठोकळे घालून उंच ठेवा, ओल्या व्हॅक्यूमने फोम दाबून दाबून पाणी ओढा. मग दारं उघडी ठेवून पंखा लावा, खालच्या फटीत वारा जाईल असा. दोन ते चार दिवस लागतात, दमट हवेत जास्त. दारं उघडी ठेवणं शक्य नसेल तर काचा बंद करून एसी चालू ठेवला की हवेतली ओल निघते. सिलिका जेलच्या पुड्या ओल्या फोमपुढे काहीच नाहीत. हीट गन लावली तर कार्पेट वितळतं.

खूप भिजलं असेल तर सीट काढून कार्पेट पूर्ण बाहेर घेणं उत्तम. सीटखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात, म्हणून बॅटरी आधी सोडायची हे इथेही लागू. स्टेपनीच्या खोलग्यात तळाला रबरी बूच असतं, ते काढलं की साचलेलं पाणी निघून जातं. बूच परत बसवायला विसरू नका.

अस्तरावर पिवळे डाग पडले आहेत.

पूर्ण वाळू द्या. मग फोमवाला अपहोल्स्टरी क्लीनर कापडावर घेऊन डागाच्या पलीकडे थोड्या मोठ्या भागावर हलक्या हाताने टिपा. घासू नका. अस्तराच्या मागे पातळ स्पंज असतो, तो भिजला आणि ओढला की कापड सुटून लोंबायला लागतं.

पाणी आल्यापासून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतोय, सेंट्रल लॉक आपोआप चालू-बंद होतं.

पाणी कनेक्टरपर्यंत पोचलं आहे. फ्यूज बॉक्स आणि बॉडी कंट्रोल मॉड्यूल (लॉक, दिवे वगैरे चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बऱ्याचदा डॅशबोर्डखाली कडेला, म्हणजे पुढच्या नळीच्या वाटेतच असतात. एअरबॅगचं मॉड्यूल मधल्या कन्सोलखाली जमिनीलगत असतं. बॅटरी सोडा आणि कार्पेट कोरडं होईपर्यंत जोडू नका. पाणी आणि वीज एकत्र असली की पितळ आणि तांबं झपाट्याने हिरवं पडतं, नुसत्या पाण्याने ते तितक्या वेगाने होत नाही. साधे कनेक्टर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करता येतात. एअरबॅगचे कनेक्टर आणि त्याचा दिवा मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच बघून घ्या.

विजेवर चालणाऱ्या गाडीत नारिंगी रंगाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या कुठल्याही वायरीजवळ ओल दिसली तर स्वतः काही उघडू नका.

रबराला काय लावावं?

सिलिकॉन ग्रीस किंवा रबरासाठीचं खास द्रव, कापडावर घेऊन पातळ थर, वर्षातून दोनदा. पेट्रोलियम जेली, इंजिन ऑइल किंवा गंज सोडवायचा स्प्रे लावू नका, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं. रुळांसाठी उत्पादकाने सांगितलेलं ग्रीस, तेही थोडंच. जास्तीचं ग्रीस शेवटी पन्हळीत उतरतं.

किती दिवसांनी साफ करायचं?

वर्षातून दोनदा: पावसाळ्याआधी आणि पानगळ संपल्यावर. गाडी रोज झाडाखाली उभी राहत असेल तर पन्हळ दर महिन्याला पुसा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पन्हळ स्वच्छ राहिली तर नळीत धागा घालायची वेळ क्वचितच येते. प्रेशर वॉशरचा झोत काचेच्या कडेवर जवळून मारू नका. तो रबर उचलून एवढं पाणी आत ढकलतो की मोकळ्या नळ्याही मागे पडतात.

जुनी गाडी घेताना हा दोष कसा ओळखावा?

मालकाच्या परवानगीने चारही कोपऱ्यांत पाणी ओतून बघा. ते जमत नसेल तर पायपुसणी उचलून कार्पेट मुठीने दाबा, डिकीत स्टेपनी काढून खोलग्यात गंज किंवा पाण्याची रेघ आहे का बघा, सीटच्या रुळांच्या बोल्टांवर गंज आहे का बघा. सीटबेल्ट पूर्ण ओढून काढा. आतल्या टोकाकडे पाण्याची रेघ किंवा बुरशीचे काळे ठिपके असतील तर खांबातून पाणी उतरलेलं आहे. सगळ्या गाडीत तीव्र सुगंधी फवारा मारलेला असेल तर काचा बंद करून अर्धा तास गाडी उन्हात ठेवायला सांगा आणि मग दार उघडून वास घ्या.